ओसाका की किनोसाकी? खाण्याचं शहर आणि गरम पाण्याचं गाव यांतून निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानच्या कन्साय भागात आठ-दहा दिवस फिरायचं ठरलं की क्योतो आणि नारा आपोआप यादीत येतात. घोडं अडतं ते उरलेल्या दोन-तीन रात्रींपाशी. ओसाकात राहून मनसोक्त खायचं, की किनोसाकीसारख्या ओनसेनच्या गावात जाऊन गरम पाण्यात पडून राहायचं? मी दोन्हीकडे एकाहून जास्त वेळा राहिले आहे. ओळखीपाळखीचे लोक जे प्रश्न मला सतत विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे. ओनसेन म्हणजे गरम पाण्याचा झरा आणि त्या पाण्यावर चालणारं स्नानगृहही. र्‍योकान म्हणजे जपानी पद्धतीची निवासाची जागा, जिथे जमिनीवर तातामी चटया असतात आणि रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी बहुतेक वेळा भाड्यातच धरलेली असते.

थोडक्यात सांगा, कुठे जाऊ?

दिवस कसा घालवायचा याचा विचार बाजूला ठेवा, संध्याकाळ कशी हवी ते ठरवा. ओसाका संध्याकाळी सहानंतर खरं जागं होतं. दिव्यांचे फलक लागतात, तव्यांवर चरचर सुरू होते, आणि रात्री अकरालाही तुम्ही तिसऱ्या दुकानासमोर उभे असता. किनोसाकीत त्याच सहा वाजता तुम्ही अंघोळ करून, युकाता म्हणजे हलका सुती किमोनो नेसून जेवायला बसलेले असता. नऊ वाजता शेवटची डुबकी आणि दहाला झोप. संध्याकाळी पाय आपोआप रस्त्याकडे वळणाऱ्यांनी ओसाका निवडावं. फिरण्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी पोटऱ्या भरून येत असतील आणि सहलीत कुणाशी निवांत दोन शब्द बोलायलाही सवड मिळाली नसेल, तर किनोसाकी.

ओसाकाला खाण्याचं शहर म्हणतात, त्यात काही तथ्य आहे की नुसती जाहिरात?

तथ्य आहे, आणि ते तीन-चारशे वर्षं जुनं आहे. एदो काळातल्या, म्हणजे शोगुन या लष्करी शासकांच्या राजवटीतल्या ओसाकाला ‘तेंका नो दाइदोकोरो’, म्हणजे देशाचं स्वयंपाकघर म्हणतात. ठिकठिकाणच्या सरदारांचा तांदूळ इथल्या कोठारांत येऊन पडायचा आणि इथेच विकला जायचा. दोजिमा इथल्या तांदळाच्या बाजाराला १७३० मध्ये शोगुनच्या सरकारची मान्यता मिळाली. पुढच्या तारखेचे भाव आज ठरवायचे, असे वायद्याचे सौदे तिथे रीतसर चालत. जगातल्या पहिल्या वायदेबाजारांमध्ये त्याची गणना होते.

तांदळाइतकीच मोलाची दुसरी वस्तू म्हणजे कोम्बू, समुद्रात वाढणारी जाड पानांची वनस्पती. ती पार उत्तरेकडच्या होक्काइदोहून किनाऱ्याकिनाऱ्याने येणाऱ्या कितामाएबुने जहाजांतून ओसाकात उतरायची. म्हणून इथल्या रश्शाचा पाया कोम्बूचा. ओसाकातल्या उदोनचा, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांचा, रस्सा फिकट, जवळजवळ पारदर्शक असतो. तोक्योतल्या गडद, सोया सॉसच्या रश्शाची सवय असलेल्याला तो पाण्यासारखा दिसतो. पण पहिला घोट घेतल्यावर जिभेवर जी गोलाई येते, ती त्या कोम्बूची. गोडसर तळलेला तोफू वर घातलेला कित्सुने उदोन इथलाच.

इथे ‘कुइदाओरे’ असा एक शब्द आहे. खाण्यापायी कफल्लक होईपर्यंत खाणं, असा त्याचा अर्थ. क्योतोचे लोक कपड्यांपायी आणि ओसाकाचे खाण्यापायी कंगाल होतात, अशी जुनी म्हण आहे. हे शहर व्यापाऱ्यांचं. पैशाचा मोबदला पुरेपूर मिळाला पाहिजे हा इथला बाणा, म्हणून स्वस्त दुकानातही चव पडू देत नाहीत. मला ओसाकाचं सगळ्यात जास्त कौतुक याच गोष्टीचं आहे.

दोन रात्री असतील तर काय काय खावं?

ताकोयाकीपासून सुरुवात करा, आणि विकत घेण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. बिडाच्या तव्याला अर्धगोल खळगे असतात, आपल्या आप्पेपात्रासारखे. त्यात पातळ पीठ ओततात, तेही खळगे भरून बाहेर वाहील इतकं. प्रत्येक खळग्यात ऑक्टोपसचा तुकडा, वर पातीचा कांदा, लाल आलं आणि तळलेल्या पिठाची चुरी. मग कारागीर दोन टोचे हातात घेतो, बाहेर पसरलेल्या पिठाच्या रेषा आखतो आणि प्रत्येक गोळा पाव वळसा फिरवत कडेचं पीठ आत कोंबत जातो. दोन-तीन फेऱ्यांत त्या चिखलाचे गुळगुळीत गोळे झालेले असतात. वर टाकलेले कात्सुओबुशीचे, म्हणजे वाळवलेल्या माशाचे, पापुद्रे वाफेवर हलत राहतात. बाहेरून खरपूस आणि आतून जवळजवळ द्रव, म्हणून अख्खा गोळा तोंडात टाकू नका. टोच्याने फोडा, वाफ जाऊ द्या. ओसाकातल्या आइझुया या दुकानाने १९३५ मध्ये या गोळ्यात ऑक्टोपस घालायला सुरुवात केली. तिथली मूळ ताकोयाकी आजही सॉसशिवाय मिळते, आणि पिठाची चव कळायची तर तशीच खावी.

पहिल्या रात्री दोतोनबोरी. हा कालवा १६१५ मध्ये पुरा झाला आणि तो खणायला घेणाऱ्या दोतोन यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. गर्दी प्रचंड असते. पण ग्लिको या खाऊच्या कंपनीचा धावणाऱ्या माणसाचा फलक, पाण्यात थरथरणारे दिवे, दुकानांवरचे अवाढव्य खेकडे हे सगळं एकदा बघण्यासारखं आहे. जेवायला मात्र एक-दोन गल्ल्या आत शिरा. होझेनजी योकोचो ही दगडी फरसबंदीची अरुंद गल्ली तिथून दोन मिनिटांवर आहे. तिथल्या फुदो म्योओ या बौद्ध देवतेच्या मूर्तीवर भाविक इतकी वर्षं पाणी घालत आले आहेत की ती शेवाळाने पूर्ण हिरवी झाली आहे. एवढ्या गोंगाटात इतकी ओली, गार जागा सापडते तेव्हा पाय निघत नाही.

दुसऱ्या रात्री शिन्सेकाई. त्सुतेनकाकु मनोऱ्याखालच्या या वस्तीत कुशिकात्सु मिळतं: मांस, मासे, भाज्या काडीला टोचून, पिठात बुडवून तळलेल्या. सॉसच्या सामाईक भांड्यात एकदाच बुडवायचं हा नियम भिंतीवर लिहिलेला असतो. उष्टी काडी परत बुडवली तर दुकानदार खरोखर रागावतो. आणखी सॉस हवा असेल तर समोर ठेवलेल्या कोबीच्या पानाने वाढून घ्यावा. हल्ली पुष्कळ दुकानांनी सामाईक भांडं काढून बाटल्या ठेवल्या आहेत.

ओकोनोमियाकी, म्हणजे कोबी घातलेलं जाड धिरडं, दुपारी खा, रात्रीच्या रांगा फार लांब असतात. कुरोमोन बाजार बघायला छान, पण तिथे उभ्याने खाण्याचे भाव पर्यटकांच्या हिशेबाने लावलेले आहेत. त्यापेक्षा तेनजिनबाशिसुजी ही अडीच किलोमीटरहून लांब, छताखालची बाजारपेठ मला जास्त आवडते. तिथे शहरातले लोक रोजची भाजी घेतात, आणि उभ्या उभ्या खायची छोटी दुकानंही आहेत.

किनोसाकीत करायचं काय? कंटाळा येणार नाही?

गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत, त्यांना ‘सोतोयु’ म्हणतात. युकाता नेसायचा, लाकडी गेता पायात घालायच्या, हातात टॉवेलची छोटी टोपली घ्यायची आणि एका स्नानगृहातून निघून दुसऱ्यात जायचं, एवढंच काम. मधून ओतानी नदी वाहते, काठाने विलोची झाडं आणि कमानदार दगडी पूल. दिवेलागणीला सगळा रस्ता युकातातल्या माणसांनी भरतो आणि दगडावर गेतांचा टकटक आवाज घुमतो. मोटारींचा, संगीताचा गोंगाट नाही, म्हणून तो आवाज लांबूनही ऐकू येतो. माझ्या मनात किनोसाकी म्हणजे तो आवाज.

या गावाची एक धारणा आहे : सगळं गाव मिळून एक र्‍योकान. रेल्वे स्टेशन म्हणजे दरवाजा, रस्ते म्हणजे ओसऱ्या, र्‍योकान म्हणजे खोल्या आणि सोतोयु म्हणजे न्हाणीघर. हे कुणी जाहिरातीसाठी बसवलेलं वाक्य नाही. १९२५ च्या मे महिन्यात भूकंप झाला आणि त्यानंतरच्या आगीत गाव बेचिराख झालं. लोकांनी ते पुन्हा उभं केलं ते सार्वजनिक स्नानगृहांच्या भोवती. पुढे एका र्‍योकानने आपल्या आत झऱ्याचं पाणी घेतलं तेव्हा गावात मोठा वाद पेटला. पाणी सगळ्यांचं की जमिनीच्या मालकाचं, हा मुद्दा कोर्टात गेला आणि १९५० मध्ये तडजोड होऊन मिटला. आतली न्हाणीघरं लहानच ठेवायची, असं ठरलं. म्हणून आजही इथले पाहुणे खोलीत बसून न राहता रस्त्यावर येतात. एका गावाने आपलं पाणी सामाईक ठेवलं आणि त्यामुळे त्याचा रस्ता जिवंत राहिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सातांपैकी मांदारा-यु सगळ्यात कथेतलं. दोची शोनिन नावाच्या भिक्षूने हजार दिवस प्रार्थना केल्यावर इथे पाणी आलं आणि ७२० साली किनोसाकीची सुरुवात झाली, असं गाव सांगतं. कोनो-यु या स्नानगृहाची कथा करकोच्याची आहे. जखमी करकोचा पाण्यात पाय बुडवून उभा राहायचा, त्यावरून लोकांना हे पाणी सापडलं. हे करकोचे जपानच्या रानांतून नाहीसे झाले होते. किनोसाकी ज्या तोयोओका शहरात येतं, तिथे त्यांची पैदास करून २००५ मध्ये त्यांना पुन्हा मोकळं सोडलं. आता भातखाचरांत ते दिसतात. इचिनो-युमध्ये गुहेसारखं कुंड आहे. आणि सकाळी दार उघडताना जो पहिला आत शिरतो त्याला ‘इचिबान फुदा’, म्हणजे पहिल्या नंबराची पट्टी आठवण म्हणून मिळते. काही स्नानगृहं सकाळी सातला उघडतात, काही दुपारी तीनला. प्रत्येक स्नानगृह आठवड्यातून एक दिवस बंद असतं आणि तो दिवस सगळ्यांचा एकच नसतो, तेव्हा र्‍योकानमध्ये मिळणारा तक्ता बघूनच निघा.

दुसऱ्या दिवशी वेळ उरला तर गेन्बुदो गुहा बघा. बसाल्टचे षटकोनी खांब रचून ठेवल्यासारखे उभे आहेत. मोतोनोरी मातुयामा या शास्त्रज्ञाने याच दगडातलं चुंबकत्व मोजलं, ते आजच्या उलट दिशेचं निघालं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र पूर्वी उलटं होतं हा निष्कर्ष त्यांनी १९२९ मध्ये मांडला.

तरीही स्पष्ट सांगते : दुकानं, खरेदी, रात्रीची गजबज यांतच ज्यांचं मन रमतं त्यांना इथे दुसऱ्या रात्री कंटाळा येईल. एक रात्र पुरे.

ओसाकातून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल का?

येईल, पण मी जाऊ नका म्हणेन. कोउनोतोरी एक्स्प्रेसने एका बाजूला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. साडेपाच तास गाडीत बसायचं आणि जी संध्याकाळ बघायला गेलो तीच सोडून निघायचं, यात हाती काही लागत नाही. एका दिवसात उरकायचं असेल तर आरिमा.

आरिमा जवळ आहे, मग तिथेच का जाऊ नये?

जरूर जा. कोबेच्या रोक्को डोंगरामागे हे गाव आहे, ओसाकातून साधारण तासाभरावर. जपानच्या सर्वांत जुन्या तीन ओनसेनमध्ये त्याचं नाव घेतात. सोळाव्या शतकात जपान एका सत्तेखाली आणणारा तोयोतोमी हिदेयोशी इथे वारंवार यायचा. इथल्या पाण्याचे दोन प्रकार, किन्सेन म्हणजे सोनेरी आणि गिन्सेन म्हणजे रुपेरी. किन्सेन जमिनीतून येताना स्वच्छ असतं. त्यातल्या लोहाला हवा लागली की ते गंजाच्या रंगाचं होतं, इतकं की पाण्यात बुडालेला आपला हात दिसत नाही. पांढरा टॉवेल त्यात बुडवाल तर डाग जाणार नाही. आसपास जिवंत ज्वालामुखी नसताना हे पाणी इतकं गरम आणि समुद्रापेक्षाही खारट कसं, याचं उत्तर खोल पोटात आहे. फिलिपाइन समुद्राचं भूपट्ट जपानच्या खाली सरकतं आहे, त्यातून पिळून निघालेलं पाणी भेगांवाटे वर येतं.

पाण्याच्या गुणात आरिमा सरस, गावात भटकण्याच्या मजेत किनोसाकी. आरिमात चढउतार पुष्कळ आणि शनिवार-रविवारी दिवसभराच्या पाहुण्यांची गर्दी फार.

आणि हाकोने?

तोक्योत राहणार असाल तर हाकोने, कन्सायमध्ये असाल तर नको. ओसाकातून फक्त ओनसेनसाठी तिकडे जाणं म्हणजे उलटा फेरा.

अनोळखी लोकांसमोर कपडे न घालता अंघोळ? मला जमणार नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, बहुधा बायकांकडून आणि दबक्या आवाजात. माझ्या आईचाही हाच होता. म्हणून सविस्तर लिहिते.

स्त्री-पुरुषांची न्हाणीघरं वेगळी असतात. दारावरच्या पडद्यावर पुरुषांसाठी 男 आणि बायकांसाठी 女 ही चिन्हं असतात. ती मोबाइलमध्ये ठेवून घ्या. काही ठिकाणी दिवसागणिक बाजू बदलतात, तेव्हा काल गेलेल्या दारातून आज शिरण्याआधी पडदा पुन्हा बघा. आत स्नानाचा पोशाख चालत नाही. छोटा टॉवेल मात्र हातात असतो आणि चालताना तो अंगासमोर धरता येतो. पाण्यात उतरताना तो डोक्यावर किंवा काठावर ठेवायचा, कुंडात बुडवायचा नाही.

आधी अंघोळ, मग कुंड, हा क्रम कधीही चुकवू नका. भिंतीला लागून नळ आणि बुटकी स्टुलं असतात. खाली बसून, साबण लावून, सगळा फेस काढून मगच पाण्यात उतरायचं. केस लांब असतील तर वर बांधायचे. कुंड अंग धुण्यासाठी नसतं, स्वच्छ झालेलं शरीर शेकण्यासाठी असतं.

संकोचाचं म्हणाल तर तो दारापासून नळापर्यंतच टिकतो. आत आजी, नात, गरोदर बाई, ऑपरेशनचे व्रण असलेली बाई, सगळ्या असतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही. आई पहिल्या दिवशी टॉवेल घट्ट धरून एका कोपऱ्यात बसली. शेजारी एक म्हातारी बाई होती. तिने कुंडाच्या ज्या टोकाला पाणी कमी कढत होतं तिकडे हात करून दाखवला आणि थोडी सरकून जागा करून दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दुसऱ्या सकाळी सहालाच आईने मला उठवलं आणि विचारलं, पहिलं कोणतं उघडतं?

तरी नकोच असेल तर ‘काशिकिरी-बुरो’ मागा, म्हणजे तासाभरासाठी फक्त तुमच्या कुटुंबाचं न्हाणीघर. पुष्कळ र्‍योकानमध्ये ते असतं.

अंगावर टॅटू आहे. आत घेतील का?

जपानमध्ये पुष्कळ ठिकाणी अडवतात. किनोसाकीच्या सातही सोतोयुंमध्ये टॅटू चालतो. इतरत्र आधी विचारा.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. दोन्हींपैकी कुठे निभेल?

दोन्हीकडे त्रास आहे, पण वेगळ्या प्रकारचा. मूळ अडचण दाशीची. जपानी रस्सा, सूप, चटणी, अंड्याचा रोल, भाज्या शिजवण्याचं पाणी, सगळ्याच्या बुडाशी हा अर्क असतो आणि तो बहुधा कात्सुओबुशीचा, म्हणजे वाळवून धुरावलेल्या माशाचा. वर मासा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी आहे असं धरून चालू नका. ओकोनोमियाकीच्या पिठातही दाशी असते. भाज्यांच्या कुशिकात्सुच्या पिठात अंडं असतं आणि काही दुकानं प्राण्यांच्या चरबीत तळतात. कोम्बू घातलेल्या ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या गोळ्यातही माशाचा अर्क असू शकतो.

ओसाकात निदान पर्याय आहेत. भारतीय हॉटेलं आहेत, प्राणिजन्य काहीही न वापरणारी जपानी हॉटेलंही आहेत. एक दुकान नाही जमलं तर दुसरं शोधता येतं. किनोसाकीत र्‍योकानचं ठरलेलं जेवण हेच मुख्य, आणि तो सगळा थाट समुद्राचा. म्हणून खोली ठरवतानाच लिहून विचारा, पोहोचल्यावर सांगून उपयोग नाही. स्वयंपाक्याने सकाळीच सामान आणलेलं असतं. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, ‘सुदोमारी’ म्हणजे जेवणाशिवाय राहणं आहे का ते विचारा आणि ओसाकातून जेवण बांधून न्या. दोन वाक्यं पाठ करून ठेवा : ‘निकु तो साकाना वो ताबेमासेन’, मांस आणि मासे खात नाही, ‘कात्सुओ-दाशी मो दामे देसु’, माशाची दाशीही चालत नाही.

पण खरं सांगू? शाकाहारी माणसाने शांततेसाठी ओनसेनऐवजी कोयासान निवडावं, असं माझं मत झालं आहे. ओसाकातल्या नांबा स्टेशनवरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी आणि तिथून रुळांवरून दोराने ओढली जाणारी केबल कार. कुकाई या भिक्षूला ८१६ साली मिळालेला हा डोंगर आजही मठांचं गाव आहे. मठातच राहायचं आणि शोजिन र्‍योरी जेवायचं. हा बौद्ध भिक्षूंचा आहार, त्यात मांस, मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही आणि दाशी कोम्बूची किंवा शिताके अळंब्यांची. तिळाचा गोमा-दोफु जिभेवर विरघळतो. तिथे काय घातलं आहे हे दर घासाला विचारावं लागत नाही. दहा दिवस प्रत्येक ताट तपासून खाल्ल्यानंतर ते सुख काय असतं, हे शाकाहारी माणसालाच कळेल.

सोबत वयस्क आई-वडील आहेत. कुठे न्यावं?

चालायचा त्रास असेल तर किनोसाकी. गाव सपाट आहे, सगळं स्टेशनपासून पायी जाण्याजोगं आणि घाई कशाचीच नाही. गेता जमत नसतील तर सरळ आपले बूट घाला, कुणी काही म्हणत नाही. तातामीवर गादी घालून झोपायचं असतं, गुडघे दुखत असतील तर पलंगाची खोली आधीच मागून घ्या. ओसाकाच्या भुयारी स्टेशनांत मात्र लिफ्ट शोधतानाच अर्धा जीव जातो.

रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच पाण्यात उतरू द्या. कुंडातलं पाणी बहुधा चाळीस-बेचाळीस अंश असतं. उतरण्याआधी पायांवर, मग अंगावर पाणी घ्यायचं, पाच-सात मिनिटांत बाहेर यायचं, सावकाश उठायचं, वर पाणी प्यायचं. साके पिऊन किंवा भरल्या पोटी उतरू नका. गरोदरपणाची मनाई जपान सरकारने २०१४ मध्ये यादीतून काढली आहे, तरी तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

लहान मुलं?

ओसाका. मुलांना सातव्या स्नानगृहाचं काही अप्रूप नसतं.

खर्चात किती फरक पडतो?

पुष्कळ, पण हिशेब नीट मांडा. ओसाकात साध्या बिझनेस हॉटेलमधली दोघांची खोली दिवसांनुसार दहा ते वीस हजार येन. रस्त्यावरचं आणि साध्या दुकानांतलं खाणं माणशी तीन-चार हजारांत भरपेट होतं. बसून खाल्लं तर १० टक्के कर, बांधून नेलं तर ८ टक्के. बक्षिशी कुठेच द्यायची नाही.

र्‍योकानचा दर खोलीचा नसतो, माणशी असतो. इथेच बहुतेकांची फसगत होते. रात्रीचं अनेक पदार्थांचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून माणशी वीस ते चाळीस हजार येन धरा, त्यावर माणशी साधारण १५० येन स्नानकर. किनोसाकीत मुक्कामी पाहुण्यांना सातही सोतोयुंचा पास मोफत मिळतो. ओसाकातून जाण्याचं भाडं एका बाजूचं साडेपाच-सहा हजार येन. पाच दिवसांचा जेआर कन्साय वाइड एरिया पास असेल तर हा प्रवास त्यात बसतो.

पैसे बेताचे असतील तर र्‍योकानची एकच रात्र ठेवा, पण ती चांगल्या जागी. दोन मध्यम रात्रींपेक्षा ती जास्त आठवते.

कोणत्या महिन्यात काय?

हिवाळ्यात किनोसाकीला तोड नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चपर्यंत मात्सुबा खेकड्याचा हंगाम असतो. बर्फ पडत असताना उघड्यावरच्या कुंडात मान तेवढी बाहेर ठेवून बसणं हे ज्याने अनुभवलं त्याला वेगळं सांगायला नको. मात्र त्या दिवसांत र्‍योकानचे दर चढतात आणि खोल्या लवकर संपतात. जुलैच्या २४ आणि २५ तारखेला ओसाकात तेनजिन मात्सुरी असते, नदीत नावांची मिरवणूक आणि आतषबाजी. गर्दी आणि दमट उकाडा सोसत असेल तर ती बघाच. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ऑगस्टच्या मध्यावर आणि नववर्षाला सगळा जपान घराबाहेर पडतो, तेव्हा दोन्हीकडे जाणं टाळा.

एकट्याने जायचं असेल तर?

ओसाका एकट्याला फार प्रेमाने सामावून घेतं. ओट्यासमोरच्या खुर्चीवर बसलं की पलीकडचा दुकानदार आपणहून बोलायला लागतो. निघताना ‘ओओकिनि’ म्हणा, ओसाकाचं धन्यवाद. र्‍योकानं मात्र एकट्या पाहुण्याला शनिवारी बहुधा घेत नाहीत किंवा जास्त आकारतात. आठवड्याच्या मधला दिवस बघा.

दोन्ही करायचं आहे. आधी कुठे?

आधी ओसाका, नंतर किनोसाकी. उलट केलंत तर ओनसेनने सैल झालेलं अंग पुन्हा गर्दीत ढकलावं लागतं. माझी रचना अशी असते : ओसाकात दोन रात्री, किनोसाकीत एक, मग तिथून थेट क्योतोची गाडी. ती अडीच तासांत पोहोचवते, म्हणजे ओसाकाला परत येण्याचा फेराही वाचतो. मोठ्या बॅगा ओसाकाच्या हॉटेलातून ताक्क्युबिन या सामान पोहोचवण्याच्या सेवेने क्योतोच्या हॉटेलला पाठवा आणि एका रात्रीपुरतं हातात ठेवा. युकाता, टॉवेल, दात घासायचा ब्रश, सगळं र्‍योकान देतं.

र्‍योकानला किती वाजेपर्यंत पोहोचावं?

दुपारी तीनला, खोली मिळते त्या क्षणी. हे मी अनुभवाने सांगते. पहिल्या खेपेला आम्ही ओसाकात दुपारचं जेवण लांबवलं, एक गाडी सोडली आणि संध्याकाळी पावणेआठला दारात उभे राहिलो. जेवण सहाला ठरलेलं होतं. स्वयंपाकी थांबलेला, ताटं झाकलेली, रस्सा पुन्हा गरम केलेला. मालकीणबाई काहीच बोलल्या नाहीत, वाकून आत घेतलं आणि स्वतः वाढायला बसल्या. जेवण संपेपर्यंत साडेनऊ झाले, सातांपैकी एकच स्नानगृह झालं आणि विलोखालचा तो रस्ता आम्ही रिकामाच पाहिला. तेव्हापासून मी ओसाकातून सकाळची गाडी धरते. दुपारचं जेवण डब्यात घेते, फुकुचियामाच्या पुढे डोंगर सुरू झाले की तो उघडते, आणि तीनच्या ठोक्याला दारात गेता काढून ठेवलेल्या असतात.